मदत हवी आहे : शीत आघाडीनंतरच्या रात्री परसबागेतील किमान तापमान कसे अंदाजावे?

अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या पश्चिमेकडील उपनगरात, सखल जागेवर आमची परसबाग आहे. सप्टेंबरची पहिली ठळक शीत आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड) आज दुपारी पुढे सरकली असून वायव्येचा जोरदार वारा सुटला आहे. उद्या रात्री उच्च दाबाचे क्षेत्र थेट डोक्यावर येईल, आकाश निरभ्र राहील आणि वारा पडेल, म्हणजे जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाण्यास सर्व काही अनुकूल आहे. राष्ट्रीय हवामान सेवेने विमानतळासाठी किमान ४ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते) १ अंशाच्या आसपास वर्तवला आहे.

बागेत दीड मीटर उंचीवर तापमापक लावून मी तुलना केली आहे : वाऱ्याच्या रात्री फरक जवळपास नसतो, परंतु निरभ्र, शांत रात्री बाग विमानतळापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते. जमिनीलगत तर पारा आणखी उतरतो. मिरचीची रोपे चादरींनी झाकता येतील. कारल्या-दोडक्याचा मांडव मात्र झाकणे अशक्य आहे आणि त्यावरची कोवळी फळे आणखी आठवडाभर तरी वाढू द्यावीत, अशी मनापासून इच्छा आहे.

उद्या सूर्यास्तानंतर दवबिंदू, वारा आणि ढग यांच्या कोणत्या नोंदी पाहून मांडवाच्या उंचीवर हिमतुषार (पानांवर जमणारे बर्फाचे कण) पडतील की नाही, हे खात्रीने ठरवता येईल?