अमेरिकेत मतदान मंगळवारीच का?

प्रश्न (रावेरहून): माझा भाचा शिकागोत राहतो आणि आता तिथला नागरिक आहे. आपल्याकडे मतदानाला भरपगारी सुटी मिळते. त्याला मात्र त्या मंगळवारी कामावर जावे लागते. लोकशाहीचा एवढा अभिमान असलेल्या देशात नोकरदारांची ही अडचण का ठेवली आहे?

उत्तर (धुळ्याहून): याचे मूळ १८४५ च्या कायद्यात आहे. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी होते. नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेले असे, रविवार प्रार्थनेचा, बुधवार अनेक ठिकाणी बाजाराचा, आणि घोडागाडीने मतदानाच्या गावी पोहोचायला दिवस जाई, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरला. आठवडी बाजाराचे महत्त्व आपल्या खानदेशात वेगळे सांगायला नको.

उत्तर (अमळनेरहून): कारण पटले, पण आज तिथे शेतकरी अगदी थोडे उरले असताना तोच दिवस चालू ठेवणे मला अन्यायाचे वाटते. काही राज्ये सुटी देतात, देशभर ती नाही, आणि तासावर मजुरी घेणाऱ्याला रांगेत उभे राहणे परवडत नाही.

उत्तर (रावेरहून): आभारी आहे, दादा. भाच्याने गेल्या खेपेला टपालाने मत दिले. त्याने व्हिडिओ कॉलवर कोरी मतपत्रिका दाखवली, तेव्हा ताई चष्मा लावून पाहत होती: राष्ट्राध्यक्षांपासून थेट न्यायाधीशांपर्यंत नावे, आणि प्रत्येक नावाशेजारी पेनाने भरायचा छोटा अंडाकृती गोल. न्यायाधीशांची माहिती शोधण्यातच त्याचे दोन रविवार गेले.