बिंज ईटिंगची शंका असताना वजन उतरवण्याचा तक्ता द्यावा का?

वरणभात_लिंबू:
आहारसल्ल्याच्या कामात एक चित्र वारंवार दिसतं. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन फुलके आणि काकडी, संध्याकाळी ग्रीन टी. मग रात्री साडेदहानंतर चिवडा, तूप-साखर लावून उरलेल्या पोळ्या, श्रीखंडाचा अख्खा डबा, बिस्किटांचे दोन पुडे, असं सगळं अर्ध्या-पाऊण तासात, ओट्याशी उभ्याउभ्या. उलटी काढणं नाही, जुलाबाची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ‘कालचं फेडायला’ जेवण टाळायचं. घरचे ‘भस्म्या झालाय’ म्हणतात. अशा व्यक्तीला 1200 कॅलरीचा तक्ता दिला की पहिले चार दिवस छान जातात आणि पाचव्या रात्री आधीपेक्षा जास्त खाल्लं जातं. हा बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून वारंवार अति खाण्याचा आजार, मानायचा का? तक्ता द्यायचा की थांबायचं?

निळी_वही:
थांबायचं. उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे: उपचार चालू असताना डाएट करून वजन उतरवायचा प्रयत्न करू नका असं रुग्णाला सांगा, कारण त्यातूनच असं ताबा सुटून खाण्याचा पुढचा झटका येण्याची शक्यता असते.

आधी निदानाचं. डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, 2013) हा स्वतंत्र आजार म्हणून आला. साधारण दोन तासांच्या आत, तशा परिस्थितीत बहुतेक लोक खातील त्यापेक्षा नक्कीच जास्त खाणं, आणि त्या वेळी ‘हात थांबतच नाही’ अशी अवस्था, या दोन्ही गोष्टी हव्यात. नुसतं जास्त खाणं पुरत नाही; लग्नाच्या पंगतीत आपण सगळेच जास्त जेवतो. शिवाय या पाचांपैकी तीन: भराभर खाणं, पोट दुखेस्तोवर खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं. हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने, आणि त्याचा त्या व्यक्तीला खूप त्रास होत असला पाहिजे. आठवड्याला 1 ते 3 झटके सौम्य, 4 ते 7 मध्यम, 8 ते 13 तीव्र, 14 किंवा अधिक अतितीव्र. वजनाची अट कुठेच नाही. सडपातळ माणसालाही हे होतं.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मात्र खटकली. ‘फेडायला’ जेवण टाळणं किती? कधीमधी नाश्ता चुकवण्यापुरतं असेल तर त्यानं निदान बदलत नाही. पण दिवसभराचा कडकडीत उपास किंवा दोन-दोन तास जिम नियमित चालू असेल, तर तो बुलिमिया असू शकतो, म्हणजे झटक्यात खाल्लेलं उलटी, उपास किंवा अतिव्यायामानं भरून काढत राहण्याचा आजार. उलटी नाही म्हणजे बुलिमिया नाही, हा समज चुकीचा आहे. हे पहिल्याच भेटीत, दोष न देता, सरळ विचारा.

आता ‘पाचव्या रात्री’बद्दल. दोन गोष्टी एकत्र येतात. दिवसभर कमी खाल्ल्यानं शरीर खरोखर उपाशी असतं. आणि नियम इतका कडक असतो की एक बिस्किट खाल्लं तरी ‘मोडलंच आहे, आता उद्यापासून’ असं मन म्हणतं. मग उद्याच्या बंदीची भीती आजच सगळं संपवायला लावते. म्हणून उपचाराची पहिली पायरी वेळापत्रकाची असते, कॅलरीची नाही. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, मध्ये साडेतीन-चार तासांहून मोठी फट नको. उदाहरणार्थ साडेसातला पोहे, साडेदहाला फळ आणि दाणे, एकला पोळी-भाजी-वरण-भात, साडेचारला चहाबरोबर थालीपीठ, आठला जेवण, दहाला दूध. काय खाल्लं यापेक्षा वेळ पाळली का, हे पहिले काही आठवडे महत्त्वाचं.

सोबत वही. रकाने: वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटला का (तिथे फुली), आधी काय घडलं आणि काय वाटत होतं. नोंद खाल्ल्याबरोबर करायची. रात्री आठवून लिहिली की नेमकं कारण, जसं संध्याकाळी सहाचा रिकामा तास किंवा बॉसचा फोन, गळून जातं. कॅलरी लिहायच्या नाहीत. सर्वांत जास्त चुकतं ते इथे: झटक्यानंतरचं जेवण टाळलं जातं. रात्री काहीही झालेलं असो, सकाळचे पोहे साडेसातला खायचेच. साखळी तिथे तुटते.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. मीठ, पाणी, पाळी यांनी काटा रोज हलतो. चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवूनच बोला.

ओपीडी_गुरुवार:
वरच्याला वैद्यकीय बाजू जोडतो. रक्तदाब, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), यकृत, टीएसएच (थायरॉइड) बघून घ्या. औषधांची यादी मागा: ओलान्झापिन, मिर्टाझापिन (दोन्ही मानसोपचारातली औषधं), स्टेरॉइड यांनी भूक वाढते. मधुमेही व्यक्ती इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन जेवण टाळत असेल तर साखर धोकादायक खाली जाते. इथे वेळापत्रक बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणं भागच आहे. उलट्या होत असतील तर पोटॅशियम लगेच तपासा. उदासी आणि मरणाचे विचार थेट विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत.

औषध हा एकमेव उपचार नाही. लिसडेक्सअॅम्फेटामिनला अमेरिकेत 2015 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. ते उत्तेजक आहे, हृदयविकार किंवा व्यसनाचा इतिहास असेल तर अडचणीचं. टोपिरामेट या फिट्सवरच्या औषधानं खाण्याचे झटके कमी होतात, पण मुंग्या येणं, शब्द न आठवणं, मुतखडा हे त्रास आहेत, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकतं. ‘वजन उतरवणारी गोळी’ म्हणून कुणी परस्पर घेऊ नये.

वरणभात_लिंबू:
आभार. उपासांचं काय करावं? संकष्टी, गुरुवार, श्रावण. ‘हे तरी सोडायला सांगू नका’ म्हणतात. आणि घरात फरसाण ठेवूच नये का?

निळी_वही:
‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण या आजारात अक्षरशः खरी होते. श्रद्धेला हात न लावता खाण्याच्या वेळा सांभाळा: त्याच ठरलेल्या वेळी राजगिऱ्याचे लाडू, भगर-आमटी, दही, फळं. निर्जळी मात्र खाणं रुळावर येईपर्यंत पुढे ढकला. आणि विचारा, हा उपास देवासाठी की काट्यासाठी? उत्तर त्या व्यक्तीला बहुधा ठाऊक असतं.

फरसाण सुरुवातीला मोठ्या पाकिटात आणू नका, एवढंच. कायमची बंदी नको. बंदी घातलेला पदार्थच झटक्यात खाल्ला जातो. वेळा बसल्या की तो परत आणायचा. श्रीखंड वाटीत काढून, दुपारच्या जेवणात, कुणाच्या तरी सोबतीनं. डबा टेबलावर नको. आठवड्याला एकच पदार्थ, आणि तोही मन बऱ्यापैकी शांत असलेल्या दिवशी.

रात्रीची ऊर्मी चढते आणि ओसरते, ती अखंड वाढत नाही. तेवढा वेळ काढायला हाताला काम हवं: फोनवर बोलणं, अंघोळ, गच्चीवर फेऱ्या. टीव्ही चालत नाही, त्यासमोर हात मोकळे राहतात. यादी आधीच लिहून फ्रिजवर लावा. ऊर्मी आल्यावर काही सुचत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची:
घरच्यांसाठी: डबे मोजू नका, कुलूप लावू नका, ताटाकडे बघून ‘अजून?’ म्हणू नका. त्यानं खाणं थांबत नाही, फक्त लपतं. आठ वाजता सोबत जेवायला बसणं ही खरी मदत. झटक्याबद्दल बोलायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारी, ताटावर नाही.

पाठवायचं कुणाकडे? खाण्याच्या आजारांवर सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, आणि असे रुग्ण पाहिलेत का, हे दोन्ही विचारा. नाइसच्या क्रमानं आधी मार्गदर्शित स्वयंमदत, म्हणजे थोड्या मार्गदर्शनानं स्वतःच करायचे उपाय, आणि त्यासाठी 16 आठवड्यांत 20-20 मिनिटांच्या 4 ते 9 भेटी. चार आठवड्यांत फरक नसेल तर गटात सीबीटी. गट मिळत नसेल किंवा नको असेल तर 16 ते 20 वैयक्तिक सत्रं. यातून झटके कमी होतात, वजन फारसं उतरेलच असं नाही. हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात काटा बघून लोक उपचार सोडतात. गावात कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास चालू असते. मराठीत बोलता येतं.