प्रोजेक्ट मॅनेजरला परवाना हवा की नको?

प्लॅनिंगवाला
आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिलची नोंदणी लागते. सीएला त्याच्या संस्थेचं सदस्यत्व लागतं. २०१६ च्या रेरा (घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या) कायद्यात बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. ते काढायचे तर काम किती झालं याचे तीन दाखले लागतात: आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे. फार कशाला, आपल्याकडे फ्लॅट विकणाऱ्या एजंटलासुद्धा महारेराची परीक्षा द्यावी लागते.

आणि जो तारखा ठरवतो, पाच ठेकेदारांची कामं एकमेकांत बसवतो, उशिराची कारणं देतो, तो प्रोजेक्ट मॅनेजर? त्याच्या कार्डावर काय छापायचं ते तो आणि छापखानेवाला मिळून ठरवतात.

ब्रिटनमध्ये एपीएम या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या संस्थेला २०१७ साली रॉयल चार्टर (राजमान्यता) मिळाला, पाठोपाठ ‘चार्टर्ड प्रोजेक्ट प्रोफेशनल’ असा दर्जा आला. आपल्याकडे २०२० मध्ये नीती आयोग आणि भारतीय गुणवत्ता परिषदेने राष्ट्रीय धोरणाची चौकट काढली, पायाभूत प्रकल्पांसाठी ज्ञानसंग्रहही काढला. साईटवर मात्र त्याचं नाव कोणी काढत नाही. माझं म्हणणं, निदान मोठ्या बांधकामांना नोंदणीकृत प्रोजेक्ट मॅनेजर सक्तीचा करा. चुकला तर नोंदणी रद्द.

ऐरोलीकर
सपशेल असहमत. मी आयटीत आहे, पीएमपी केलंय, म्हणजे पीएमआय या अमेरिकी संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र. पदवीधराला ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव, ३५ तासांचं प्रशिक्षण, मग १८० प्रश्नांची परीक्षा. पास झालात तरी दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) भरा. मेहनत आहे, नाही असं नाही. पण हे सगळं ज्याला हवं त्याने करायचं.

दुसरं म्हणजे हा विषय स्थिर नाही. पीएमआयच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीत भर १२ तत्त्वांवर गेला. चार वर्षांत पुस्तकानेच कूस बदलली, मग कायद्यात लिहिणार काय? शेवटी होईल एवढंच, दादर स्टेशनबाहेर ‘हमखास पास’चे आणखी चार बोर्ड.

मुकादमाचा_पोर
ऐरोलीकर +१.
आमच्या साईटवर एक एमबीए साहेब आले होते. प्रायमावेरा या सॉफ्टवेअरात अप्रतिम शेड्यूल. स्लॅब भरायला सकाळी आठची वेळ टाकली. गर्दीच्या वेळात जड वाहनांना बंदी, त्यामुळे मिक्सर अकरापर्यंत नाक्यावर अडकले. तोवर सेंट्रिंगवाले बसून. रात्री दहाला आवाजाची तक्रार, पोलीस हजर, पंप बंद, स्लॅब अर्धवट. दुसऱ्या दिवशी कन्स्ट्रक्शन जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा) कुठे घ्यायचा यावर कन्सल्टंटची बोलणी खाल्ली ती वेगळीच. माझे वडील सातवी शिकलेले, पण त्यांनी आदल्या रात्रीच गाड्यांची वेळ विचारली असती. त्यांना कुठली परीक्षा लावणार?

प्लॅनिंगवाला
@मुकादमाचा_पोर, तुमच्या वडिलांसाठीच तर मागतोय. परीक्षा म्हणजे एमसीक्यूच कशाला? आयपीएमए या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ए ते डी अशा चार पातळ्या आहेत, वरच्या पातळ्यांना मुलाखत घेऊन केलेलं काम तपासतात. मराठीत मुलाखत घ्या, साईटवर घ्या. आज तुमचे वडील आणि ते साहेब यांच्यातला फरक मालकाला दिसत नाही, कारण बघायला फक्त बायोडेटा असतो.

तटस्थ_गिरगावकर
परवाने असूनही काय होतं ते अंधेरीत पाहिलं ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली, तर शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिलेला. दीड-दोन मीटरचा फरक! शेवटी जॅक लावून बर्फीवाला वर उचलला तेव्हा जुलैत जोड झाला. तिथे काय शिकलेली माणसं नव्हती?

प्लॅनिंगवाला
उदाहरण माझ्याच बाजूने दिलंत. तिथे रेल्वेच्या नियमामुळे नव्या पुलाची उंची वाढली. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला पालिका. ज्याचा त्याचा ड्रॉइंग ज्याच्या त्याच्या जागी बरोबर असू शकतो. दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवून ‘हे जुळत नाही’ म्हणणारा, आणि त्याखाली सही करणारा कोण? यालाच तर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात.

ऐरोलीकर
सही करून काय होणार? अधिकार रेल्वेकडे आणि पालिकेकडेच राहणार. बिनअधिकाराच्या माणसाला परवाना दिला की बळीचा बकरा अधिकृत होतो, एवढंच.

सेक्रेटरी_चेंबूर
तुमचं चालू द्या, माझा प्रश्न साधा आहे. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या सूचनांप्रमाणे पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमायचाय. प्रेझेंटेशनला तीन कोट-टायवाले येतात, करार झाला की साईटवर कालच पास झालेला मुलगा. आधीच्या विंगचा अनुभव सांगतोय. आमच्यासारख्यांनी बघायचं तरी काय?

प्लॅनिंगवाला
कंपनीचं नाव बाजूला ठेवा, माणूस बघा. करारात घाला: साईटवर बसणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि अनुभव लिहिलेला असेल, तिला बदलायचं तर समितीची लेखी संमती, दर महिन्याच्या अहवालावर तिचीच सही. अहवालात मूळ तारीख आणि आजची तारीख शेजारी शेजारी, फरकाचं कारण, आणि हिंडरन्स रजिस्टरमधला (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीतला) पान क्रमांक. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. रजिस्टर नंतर एकाच दमात लिहून काढतात, शाई बघूनच कळतं. मसुदा वकिलांना दाखवूनच घाला.

ऐरोलीकर
झकास. यात परवाना कुठे लागला? करारानेच भागलं की.

प्लॅनिंगवाला
चेंबूरचं भागलं. या माणसाने खोटे अहवाल दिले तर ही सोसायटी फार तर त्याला काढेल. पुढच्या महिन्यात तो मुलुंडच्या सोसायटीत हाच टाय लावून प्रेझेंटेशन देत असेल आणि तिथल्या सेक्रेटरीला चेंबूरचं काही माहीत नसेल. सीएने असं केलं तर निदान तक्रार करायला एक दार आहे.

सेक्रेटरी_चेंबूर
एसजीएम (विशेष सर्वसाधारण सभा) रविवारी आहे. ते शाईचं जरा नीट सांगाल का, मेंबरांना दाखवायचंय.