मदत हवी आहे : ऐतिहासिक घरावर लिहिताना कॉपी नक्की कुठे सुरू होते?

एका जुन्या घरावर विकिपीडियासाठी लेख लिहितेय. घोळ असा की सविस्तर माहिती एकाच पुस्तिकेत आहे आणि बाकी वेबसाइट्सनी तिचीच वाक्यं उचललीत, म्हणजे दहा ठिकाणी दिसलं तरी सोर्स एकच. बांधकामाचं साल, मालकांची नावं यावर कॉपीराइट नसतो, शब्द आणि मांडणीवर असतो, हे माहितीये. नुसते शब्द फिरवून वाक्यरचना तीच ठेवली तर तळटीप देऊनही चोरीच, हेही कळतं. म्हणून पुस्तिका मिटून टिपणांवरून लिहून पाहिलं, तरी परिच्छेदांचा क्रम तोच येतोय (आधी पाया मग छप्पर, दुसरा क्रम आणू कुठून!). लांब उतारे घ्यायचे नाहीयेत, फोटोही माझेच आहेत.

जुनं खरेदीखत मिळालंय, त्यातली तारीख पुस्तिकेतल्या बांधकाम-सालाच्या आधीची आहे आणि त्यात घराचा उल्लेख आहे, पण विकिपीडियावर स्वतः काढलेला निष्कर्ष चालत नाही.

तर कालक्रम पुस्तिकेसारखाच राहिला तर चालतं का? आणि सालाचं काय, छापील तेच द्यायचं, की खरेदीखताचा उल्लेख कुठलाही निष्कर्ष न काढता शेजारी ठेवता येतो?