पदवीधरांची मतदारयादी दर वेळी कोरी कशाला?

लिंबूटिंबू (धागाकर्ता)
लोकसभा-विधानसभेच्या यादीत माझं नाव आहे. तरी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत द्यायचं तर नमुना १८ चा अर्ज भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा. मागच्या खेपेला भरला होता? चालत नाही, कारण ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात. पदवी काय सहा वर्षांत विटते? एवढी धावपळ कोण करणार? मग इच्छुक उमेदवारांचीच माणसं घरोघर अर्ज भरून घेत फिरतात, आणि ज्याची फौज मोठी त्याची यादी.

खडूफळा
कोरी यादीच बरी. आमच्या शिक्षक मतदारसंघात नमुना १९ असतो. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. (प्राथमिकवाल्यांना मतच नाही, तो वेगळा राग.) जुनी यादी पुढे ढकलली तर कधीच निवृत्त झालेलेही त्यात राहतील. पदवीधरही नोकरीपायी गाव बदलतात, आणि रहिवास त्याच मतदारसंघातला लागतो.

लिंबूटिंबू
शिक्षकांचं पटलं. पण गाव काय फक्त पदवीधरच बदलतात? साध्या यादीत पत्ता बदलला की नमुना ८ भरतो, संपलं. शिवाय तिथे नवीन मुलांसाठी वर्षातून चार अर्हता तारखा (ज्या दिवशी पात्रता मोजतात) आहेत. इथे १ नोव्हेंबर ही एकच, आणि तिच्या आधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याने चोविशीपर्यंत थांबायचं. खासदार निवडायला अठरा पुरतात ना?

उगाचच
यादीचं काय घेऊन बसलात, मतदारसंघच मोडीत काढा. महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या. घटना झाली तेव्हा पदवी दुर्मीळ होती, आता गल्लोगल्ली आहेत. गंमत म्हणजे उमेदवार पदवीधर असायलाच हवा असं नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितलंय. म्हणजे बारावी झालेली बाई तिशी ओलांडल्यावर उभी राहू शकते, पण स्वतःलाच मत देऊ शकत नाही!

खडूफळा
आणि हे पदवीधर मतपत्रिकेवर पसंतीचे १, २ आकडे लिहायचे सोडून बरोबरची खूण करून मत बाद करतात, ते निराळंच.

लिंबूटिंबू
मोडीत काढायचा तर घटनेच्या कलम १७१ प्रमाणे संसदेला कायदा करावा लागेल. ते होईल तेव्हा होवो. यादी कायम ठेवून फक्त दुबार आणि मयत नावं गाळायला कोणाची हरकत आहे, एवढंच सांगा.