प्रतिसाद: रोजगार गावाच्या शिवारातही असतो

नुसता रस्ता आणि वीज येऊन लहान गावं टिकत नाहीत, हातांना काम लागतं, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. पण त्यासाठी जवळपास कारखानाच हवा, असं जे तुम्ही म्हणता, ते मात्र नाही पटत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. छोटं गोंड गाव, भोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना! कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे झाडांचं लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, ठरला होता, पण वाहतूक परवाना द्यायचा कुणी, यावर घोडं अडलं. अखेर २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. आणि तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. मला हे पैशापेक्षाही मोलाचं वाटतं, कारण ठेकेदाराला फोडायला गट सापडत नाही.

दवाखाना, शाळा हे प्रश्न याने आपोआप सुटत नाहीत, हे खरं.

तुमच्या गावाला जंगल लागून असेल तर ग्रामसभेत वनहक्क समिती निवडा आणि सामूहिक हक्काचा दावा याच कायद्याखालच्या उपविभागीय समितीकडे पाठवा. बिगर-आदिवासींनाही दावा करता येतो, फक्त तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुन्या नोंदी आणि गावातल्या वृद्धांचे जबाब आधी गोळा करा.