अमेरिकन आणि ब्रिटिश क्लायंटचं इंग्रजी: 'टच बेस', 'रेन चेक', 'टेबल धिस' वगैरे नीट कुणी समजावेल का?

हिंजवडी_टेस्टर:
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. वाचायला लिहायला काही अडचण नाही, कितीही मोठं डॉक्युमेंट द्या. पण आता थेट क्लायंटच्या कॉलवर बसायला लागले आणि तिथे शब्द न शब्द कळतो पण वाक्य कळत नाही असं होतंय. अमेरिकन मॅनेजर म्हणतो 'गिव्ह मी अ बॉलपार्क, आय वोन्ट होल्ड यू टू इट', मग 'लेट्स टच बेस ऑन थर्सडे', टीमच्या ऑनलाइन गप्पांना बोलावलं तर 'आय विल टेक अ रेन चेक'. बरं परवा तर कहरच, लंडनच्या मॅडम म्हणाल्या 'शॅल वी टेबल धिस टुडे?' तर हा म्हणाला नको नको, आजच बोलायला हवं, त्या म्हणाल्या मी तेच तर म्हणतेय, आणि दोन मिनिटं दोघंही गप्प. नेटवर शंभर शंभर वाक्प्रचारांच्या याद्या आहेत पण पाठ करून डोक्यात राहत नाहीत. काही पद्धत आहे का हे शिकायची?

एडिसनकर:
ताई, याद्या सोडून द्या. मी न्यू जर्सीत राहतो, इथलं ऑफिसमधलं निम्मं बोलणं बेसबॉलमधून आलंय आणि तो खेळ माहीत नसेल तर काहीच संदर्भ लागत नाही. यूट्यूबवर एक मॅच बघा, नियम समजावणारे व्हिडिओ पण आहेत. पळणाऱ्याला प्रत्येक बेसला क्रमाने पाय किंवा हात लावावाच लागतो, 'टच बेस' ते तिथलं, अर्थ एवढाच की गुरुवारी थोडक्यात बोलून घेऊ. बॉलपार्क म्हणजे त्यांचं स्टेडियम, आकडा त्या मैदानाच्या आत कुठेतरी पडला म्हणजे झालं, थोडक्यात ढोबळ अंदाज. आणि 'वोन्ट होल्ड यू टू इट' म्हणजे नंतर तुम्हाला त्यावर धरणार नाही. तरी माझं ऐका, एक आकडा कधीच देऊ नका, 'दोन ते तीन आठवडे' असं सांगा आणि मेलमध्ये हा फक्त अंदाज आहे असं स्पष्ट लिहा, कारण बोललेलं लोक विसरतात आणि आकडा तेवढा लक्षात ठेवतात.

रेन चेकची गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पावसाने मॅच वाया गेली की तिकिटाचा तुकडा पुढच्या मॅचला चालायचा. म्हणजे तो 'नाही' म्हणत नाहीये, आज जमत नाही पण आमंत्रण राहू द्या असं म्हणतोय. पुढच्या वेळी त्याला आवर्जून विचारा. अजून दोन, कारण ते ऐकायला येणारच: 'कर्व्हबॉल' म्हणजे ऐनवेळी उपटलेली अडचण (चेंडू हवेत वळतो तो), आणि 'स्टेप अप टू द प्लेट' मधली प्लेट जेवणाची नाही हो, बॅटर उभा राहतो ती जागा. जबाबदारी घेऊन पुढे या, असा अर्थ.

लीड्सवासी:
लंडनच्या मॅडमचं मी सांगते. इंग्लंडमध्ये 'टेबल' म्हणजे विषय चर्चेला घ्या, अमेरिकेत बरोब्बर उलटं, बाजूला ठेवा. आपल्याकडे विधानसभेत कागदपत्रं 'पटलावर ठेवतात' ना, ते ब्रिटिश पद्धतीचं. तुमच्या कॉलवर झालं तेच दुसऱ्या महायुद्धात झालं होतं, चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, ते म्हणाले टेबल करू, अमेरिकनांना वाटलं ड्रॉवरमध्ये टाकायचा म्हणतायत, आणि बराच वेळ कडाक्याचं भांडण झाल्यावर दोघांना कळलं की म्हणणं एकच आहे. त्यामुळे दोन्ही देशांचे लोक कॉलवर असतील तर हा शब्द तोंडातूनच काढू नका, 'डिस्कस नाऊ' किंवा 'डिस्कस लेटर' म्हणा.

बाकी ब्रिटिशांचं आपल्याला सोपं जायला हवं कारण ते क्रिकेटचं बोलतात. 'बाय क्लोज ऑफ प्ले' म्हणजे आजचं काम संपायच्या आत. 'ऑफ हर ओन बॅट' म्हणजे कुणी न सांगता स्वतःहून. 'स्टिकी विकेट' म्हणजे पावसाने भिजून वाळत आलेली खेळपट्टी, म्हणजे अवघड जागी सापडणं. फक्त 'नॉक्ड फॉर सिक्स' ला फसू नका, आपण सिक्सर म्हटलं की खूश होतो, इथे तो ज्याला पडला त्याच्या बाजूने बोलतात, म्हणजे जबर धक्का बसला. आणि 'क्वाइट गुड' वर फार हुरळू नका, ब्रिटिश माणूस बरेचदा 'ठीक आहे' एवढंच म्हणत असतो, अमेरिकन म्हणाला तर मात्र खरंच छान.

सोलापुरी_वाचक:
एडिसनकरांना +१. एक भर घालतो. उगम कळला की लक्षात राहतं हे खरं पण व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टींवर जाऊ नका. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणजे गवताच्या छपरावरून कुत्री मांजरं खाली पडायची, 'सेव्हड बाय द बेल' म्हणजे जिवंत पुरलेला माणूस थडग्यातून घंटा वाजवायचा, ह्या गोष्टी १९९९ च्या एका इंग्रजी ईमेलमधून पसरल्या आणि अजून फिरतायत. घंटा बॉक्सिंगची आहे, फेरी संपल्याची, मार खाणारा वाचतो. कुत्र्या-मांजरांचा उगम मात्र कुणालाच पक्का सापडलेला नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मध्ये छापलेल्या संवादांत तो आहे, एवढा जुना आहे.

हिंजवडी_टेस्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार, रेन चेकचं तर एकदम क्लिअर झालं. एकच राहिलं, कॉल चालू असताना नाही कळलं तर तिथेच विचारावं का? वीस लोक असतात, सीनियर पण असतात.

लीड्सवासी:
तारीख, पैसे किंवा 'कोण करणार' यातलं काही असेल तर तिथल्या तिथे विचारायचं, वीस असोत की पन्नास. अर्थ विचारायची गरज नाही, तुम्हाला काय कळलं ते साध्या इंग्रजीत बोलून दाखवायचं, 'सो वी आर डिसायडिंग धिस टुडे, करेक्ट?' एवढंच. चुकत असेल तर ते लगेच सांगतात आणि बाकीच्यांचं पण भलं होतं. नुसते गप्पांमधले शब्द असतील तर वहीत टिपून नंतर बघा.

एडिसनकर:
आणि उलट बाजू पण लक्षात घ्या ताई, आपलंही त्यांना कळत नसतं. 'आय पास्ड आऊट इन २०१९' म्हटलं की अमेरिकन माणसाला वाटतं चक्कर येऊन पडली, तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की त्याला वाटतं माझ्या कामावर संशय घेतायत, 'क्वेश्चन' म्हणा. 'डू द नीडफुल' तर मेलमधून काढूनच टाका, नक्की काय करून हवंय आणि कधीपर्यंत ते लिहा.